लहान जहाजांचा पायलट

सांगोल्याच्या डाळिंबांचा माझा कंटेनर धक्क्यावर पडून होता आणि तो न्यायला आलेलं जहाज बंदराबाहेर अडकलं होतं. जहाज आत आणणारा पायलट दुसऱ्या जहाजावर गुंतला होता. मी सोलापुरातून एजंटला फोन लावला.

"दुसरा पायलट रिकामा बसलाय की! त्याला पाठवा."

"शेठ, त्याचा सरकारी परवाना लहान जहाजांचा आहे."

"थोडं मागंपुढं करा."

"परवान्यात कसली घासाघीस? जहाज गाळात रुतलं तर सगळं बंदर बंद पडेल."

ते पटलं, पण राग गेला नाही. पुढे बंदराच्या बैठकीत मी उठलो. "परवाने कडकच ठेवा, पण मोठ्या जहाजांचे पायलट पुरेसे नेमा. आमची फळं थांबत नाहीत."

"खाली बसा," साहेब म्हणाले.

"आधी उत्तर द्या की, मग बसतो."