आईचा पाय ब्रेकवर

जुनी जीप घेतली तेव्हा तिचे मागचे स्प्रिंगचे पाटे खचलेले होते आणि ब्रेक नावालाच होते. मुकुंदवाडीत घरासमोर ती जॅकवर चढवून मी सुट्टीच्या दिवशी काम करायचो. नवे पाटे बसले, ब्रेकचे लायनर बदलले. आता ब्रेकच्या तेलाच्या नळीतली हवा काढायची राहिली होती आणि त्यासाठी पेडल दाबायला दुसरं माणूस लागतं. घरात आईच होती. तिचा जन्म कन्नडकडच्या गावी मेंढरांमागं गेलेला, स्टिअरिंगसमोर ती कधी बसलेली नव्हती. पदर खोचून बसली.

“दाबून धर,” मी गाडीखालून म्हणालो.

“धरलंय. पर लई मऊ लागतंय.”

मी चाकामागचा छोटा नट सैल केला. तेलाबरोबर बुडबुडे आले. पुन्हा आवळला, पुन्हा दाबायला सांगितलं. बऱ्याच वेळानं तीच म्हणाली, “आता दगडावानी लागतंय. झालं बघ.”

खरंच झालं होतं. मी बाहेर येऊन हात पुसले, तरी ती उतरेना.

“चालवायची कशी, ते बी दाव.”

संध्याकाळी मोकळ्या मैदानात तिनं जीप हळूहळू चालवली. मध्येच एक शेळी आडवी आली. आईनं शांतपणे ब्रेक दाबला, खिडकीतून डोकं काढून शेळीला हाकललं आणि मला विचारलं, “उद्या कन्नडला जायचं का?”