कमान आणि आप्पांचा ऊस

‘तमाम प्लॉटधारक बंधू-भगिनींना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, बिबट्या हा आपल्या संघाचा सभासद नाही. सबब त्याच्या येण्याजाण्याच्या वेळा, त्याचे वर्तन आणि त्याने उचलून नेलेली कुत्री यांबद्दल कार्यकारिणीकडे विचारणा करू नये. हुकुमावरून, अध्यक्ष.’

ही सूचना मी खरोखर ग्रुपवर टाकली होती. त्यावर एकवीस अंगठे आले आणि एक प्रश्न आला: ‘मग विचारणा कोणाकडे करायची?’ विनोद करून शीण जात नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

आमचे प्लॉट वडगाव रासाईच्या अलीकडे, भीमेपासून थोडे आत. नदी ओलांडली की दौंड तालुका. मालक सगळे पुण्याचे. शनिवारी येतात, रविवारी जेवून परत जातात आणि सोमवार ते शुक्रवार ग्रुपवर मुक्काम करतात. कायम राहणारा मी एकटा. नोकरी लवकर सोडली, शहर सोडलं, म्हटलं आता शांतपणे पेरूची झाडं लावू. पहिल्याच सभेत सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या. इथे असतो तोच अध्यक्ष, असा साधा हिशेब होता. गाव मला ‘चेअरमन’ म्हणतं. आमच्या भागात दोन माणसं एका सतरंजीवर बसली तरी त्यातला एक चेअरमन असतो, त्यामुळे त्या पदवीचं मला कौतुक नव्हतं. पुढे पुढे तर भीतीच वाटायला लागली. ‘चेअरमन’ अशी हाक आली की मोटर जळालेली असायची, नाहीतर कोणाच्या तरी कुंपणात कोणाची तरी म्हैस अडकलेली असायची.

प्लॉटच्या मागे आप्पांचं रान. आप्पा सत्तरीचे, बोलायला कमी, डोक्यावर टोपी आणि हातात कायम काहीतरी: खुरपं, दोर, नाहीतर नातवाची चप्पल. आम्ही ज्याला ‘आपला मेन रोड’ म्हणतो, ती मुळात आप्पांच्या आजोबांपासूनची वहिवाट. त्यांच्या रानातून डांबरीवर यायला दुसरी वाट नाही. हे आम्हाला माहीत होतं. म्हणजे कागदावर माहीत होतं.

आप्पांच्या उसात बिबट्या राहतो, ही आमच्या संघाची सगळ्यात मोठी तक्रार. दर रविवारी कोणीतरी मला त्यांच्याकडे पाठवायचं. मी बांधावर उभा राहून घसा खाकरायचो.

“आप्पा, लोक घाबरतात. ऊस तेवढा काढून टाका की.”

“तोड आल्याबिगर ऊस काढता येतो व्हय, चेअरमन? कारखान्याची टोळी आली की निघंल.”

“कधी येणार टोळी?”

“ते टोळीला बी ठावं नसतं.”

हे उत्तर मी ग्रुपवर टाकलं की पुन्हा चाळीस प्रश्न यायचे. असं वर्ष गेलं.

मधल्या पावसाळ्यात आमच्या लोकांच्या डोक्यात कमान आली. शेजारच्या प्लॉटिंगवाल्यांनी कमान केली होती, म्हणून आपणही करायची. हे काम आमच्या इंजिनिअरकाकांनी अंगावर घेतलं. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. निवृत्त झाल्यापासून त्यांना कोणी नकाशा काढायला सांगितलं नव्हतं, त्यामुळे त्यांनी एका कमानीचे सात नकाशे काढले. दोन सिमेंटचे खांब, वर लोखंडी कमान, तिच्यावर ‘सुस्वागतम्’.

अडचण एकच होती. डावा खांब आप्पांच्या बांधात अर्धा हात शिरत होता. आता इथे माझी हुशारी सांगतो, कारण दुसरं कोणी ती सांगणार नाही. मी म्हटलं, उद्घाटन आप्पांच्या हस्ते करू. शाल, श्रीफळ, फेटा. आमच्याकडे एकदा सत्कार स्वीकारलेला माणूस त्या घरच्या कार्यात खोट काढत नाही. खांदा शालीखाली गेला की तोंडही शालीखाली जातं. हे मला ठाऊक होतं, म्हणूनच मी तळेगाव ढमढेऱ्यातून चांगली जाड शाल आणली.

उद्घाटनाच्या दिवशी काकांना ऐनवेळी शंका आली. ते म्हणाले, “आप्पांची ट्रॉली कमानीखालून जाते ना, ते एकदा सगळ्यांसमोर बघून घेऊ.” आप्पांच्या मुलाने ट्रॅक्टर आणला. मागे ट्रॉली, ट्रॉलीत गवताचे दोन भारे. कमानीखालून ती ऐटीत गेली. टाळ्या झाल्या, व्हिडिओ झाला, मी ठरावात लिहिलं, ‘शेतकरी बांधवांच्या वाहनाची सोय पाहिली’. आप्पा खुर्चीत बसून वर बघत होते. मला वाटलं, अक्षरं वाचतायत.

कमान उभी राहिल्यावर सहा महिन्यांनी टोळी आली. उसाला तुरे फुटले होते, आप्पा रोज कारखान्यात खेटे घालून दमले होते. बीडकडची माणसं, नवरा-बायकोच्या दहा-बारा जोड्या आणि त्यांचा एक मुकादम. सकाळपासून कोयते चालले. तो रविवार होता, आमची मंडळी खुर्च्या टाकून ऊसतोड बघायला बसली. कोणी उसाच्या शेंड्याचं हिरवं वाढं हातात घेऊन फोटो काढले. बिबट्या जाणार म्हणून मला दोन घरांतून गोड शिरा आला. वर्षातला तो पहिलाच दिवस, ज्या दिवशी अध्यक्षाला कोणी काही बोललं नाही. दुपारी एकपर्यंत.

एक वाजता भरलेला ट्रॅक्टर निघाला. मागे दोन ट्रॉल्या आणि त्यांवर मोळ्या रचून, दोराने आवळून, दोन पुरुष उंचीचा ऊस. कमानीजवळ आला आणि थांबला. पुढच्या ट्रॉलीचा ऊस ‘सुस्वागतम्’च्या बरोब्बर तोंडावर आला होता.

मी पळत गेलो. आप्पा तिथे आधीच उभे होते.

“आप्पा, तुम्हाला माहीत होतं?”

ते जमिनीकडे बघत म्हणाले, “त्या दिवशीच दिसलं व्हतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“शाल व्हती की अंगावर.”

दुसरा कोणी हे बोलला असता तर मी उलट चार शब्द बोललो असतो. पण शाल मीच आणली होती, आणि कशासाठी आणली होती ते मला माहीत होतं.

मुकादमाने परिस्थिती दोन वाक्यांत सांगितली. ही खेप आज गेली आणि ट्रॉल्या रिकाम्या होऊन परत आल्या, तर संध्याकाळपर्यंत उरलेला ऊस भरून होईल. नाही गेली तर टोळी पहाटे पुढच्या गावाला जाणार, तोडलेला ऊस वाळणार आणि उभा आहे तो उभाच राहणार. पुन्हा पाळी कधी, ते त्याला विचारू नये. आप्पांचं सगळं वर्ष त्या दोन खांबांमध्ये अडकलं होतं.

चाकांतली हवा कमी करून पाहिली. ट्रॉली चार बोटं खाली आली, पण कमानीखालून जायला अजून हातभर उंचच होती. वरच्या मोळ्या उतरवा म्हटलं, तर मुकादम म्हणाला, मग आणखी एक खेप लागेल आणि ती आज होत नाही. कमानीखालचा रस्ता खोदावा असं एकाने सुचवलं, तेव्हा खालून पाण्याची पाइपलाइन गेली असल्याचं काकांनी सांगितलं. ती त्यांनीच टाकली होती.

“कमान काढू,” मी म्हटलं.

“अध्यक्ष, सामायिक मालमत्ता आहे,” आमचे चिटणीस म्हणाले. बँकेतून निवृत्त, नियम तोंडपाठ. “सर्वसाधारण सभेची मान्यता लागेल. उद्या कोणी विचारलं तर?”

आणि मी, वयाने बावन्न, अंगाने धडधाकट, स्वतः ती कमान करवून घेतलेला माणूस, मुकाट्याने खिशातून फोन काढून ग्रुपवर मतदान लावलं. पर्याय तीन: काढावी, काढू नये, सांगता येत नाही. तिसरा पर्याय का ठेवला, ते आजही सांगता येत नाही. पुण्यात थांबलेल्यांचे निरोप यायला लागले. ‘फोटो टाका.’ ‘दुसऱ्या बाजूने फोटो टाका.’ ‘ऊस थोडा दाबून बसवता येणार नाही का?’ ‘बिबट्या दिसला का?’ मी एकेक निरोप मोठ्याने वाचत होतो, जमलेले त्यावर एकेक मत देत होते, ती मतं मी पुन्हा ग्रुपवर टाकत होतो. दोन वाजले. ‘सांगता येत नाही’ आघाडीवर होतं.

टोळीतल्या बायका ट्रॉलीच्या सावलीत भाकरी खाऊन बसल्या होत्या. त्यांतली एक, कपाळावर चिंधी बांधलेली, बराच वेळ आमच्याकडे बघत होती. ती शेजारणीला म्हणाली, पण आवाज चांगला खणखणीत होता:

“एवढी मानसं हायती, ह्यांच्यात मुकादम कोनच न्हाई का गं?”

काका खुर्चीतून उठले, गाडीच्या डिकीतून पान्यांची पेटी काढली आणि ट्रॉलीच्या आकड्यावर पाय ठेवला. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस. दोघांनी खालून रेटलं, एकाने वरून ओढलं, आणि काका उसावर चढले. कमानीचे नटबोल्ट आता त्यांच्या हाताशी होते, शिडीची गरजच नव्हती.

“काका, तुम्ही नका, आम्ही करतो,” मी ओरडलो.

“कुठला बोल्ट आधी काढायचा ते तुम्हाला माहीत आहे?”

नव्हतं माहीत. सात नकाशे त्यांचे होते. त्यांनी एकेक बोल्ट काढून खिशात टाकला, घाई न करता. टोळीतल्या पुरुषांनी मोळ्यांचे दोर लावून कमान कडेला उतरवली. कमान आप्पांच्या बांधावर पालथी पडली. काका खाली आले, हात पुसले आणि कोणाकडेही न बघता आपल्या खुर्चीत जाऊन बसले. मी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या धरला, तर म्हणाले, “आधी आप्पांना द्या.”

मी आप्पांकडे वळलो, पण ते ट्रॅक्टरच्या चाकावरच्या पत्र्यावर जाऊन बसले होते, टोपी घट्ट दाबून. ड्रायव्हरने गियर टाकला. ऊस करकरला. पुढची ट्रॉली खांबांमधून गेली, वर नुसतं आभाळ. मागची ट्रॉली अर्धी आत, अर्धी बाहेर होती, तेवढ्यात माझा फोन वाजला. वर्षभराची सवय, दुसरं काय. मी हात वर करून ट्रॅक्टर थांबवला, चष्मा लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचायला लागलो: ‘खांब उभे आहेतच, तर त्यांना एक भक्कम गेट बसवावं, असा माझा प्रस्ताव आहे. अनुमोदन कोण...’

त्या दिवसात आप्पांचा आवाज पहिल्यांदाच चढला.

“आवो चेअरमन, आधी माझा ऊस जाऊ द्या, मंग काय ते वाचा!”