ऐनाचा शेंडा

बोईसर स्टेशनाबाहेर उभं राहून "जंगलात जायचंय" म्हणणारा मी बहुधा पहिलाच माणूस. रिक्षावाला गोरखपूरचा. "जंगल? कौन सी कंपनी है साहब?" मी वनशास्त्रज्ञ आहे, असं छाती काढून सांगितलं. त्याने छातीखालचं पोट पाहिलं, मग आपले टायर पाहिले आणि देवाचं नाव घेऊन रिक्षा सुरू केली.

सरावली मागे पडलं. कारखान्यांचा वास विरून शेणाचा वास आला, तेव्हा मला अत्तराच्या दुकानात शिरल्यासारखं वाटलं. पुढे एका खड्ड्यात आम्ही इतके खोल गेलो की वर यायला पहिला गियर लागला. शेवटचा चढ मी चालत गेलो आणि रिक्षाही मीच ढकलली.

डोंगराच्या पाड्यावर काम एका सहीचं होतं. जंगल आता गावाच्या ताब्यात आलंय. त्याचा आराखडा जिल्ह्याला जायचा, त्यावर तज्ज्ञाचं मत हवं. मसुद्यात माझंच वीस वर्षांपूर्वीचं वाक्य कोणीतरी चिकटवलं होतं: 'ऐनाच्या फांद्या तोडणे तात्काळ बंद करावे.' ते राहिलं तर राब बंद. (राब म्हणजे फांद्या, पाला, शेण पसरून जमीन भाजायची आणि तिथे भाताची रोपं करायची.) राब नाही तर रोपं नाहीत, रोपं नाहीत तर भात नाही. मला मात्र या वाक्यावर बढती मिळाली होती, आणि इतक्या शाली की त्यांचा तंबू झाला असता.

पाड्याच्या वनसमितीच्या प्रमुख जानीबाय. साठीच्या, कमरेला कोयता.

"तुमीच तो तारवाला?"

मीच. न तोडलेलं झाड कसं फोफावतं हे दाखवायला मी तेव्हा एक तुकडा तारेने बंद केला होता.

"चला, तुमची झाडां दाखवते."

झाडं कसली, कोळसे! दोन ऐन तेवढे कसेबसे जिवंत.

"वणवा आला. आत कोन गवत कापाय नाय, पाला उचलाय नाय. होळीवानी पेटला."

"आणि तार?"

"तिच्यावर दोडकी हायत. लय चांगली तार."

तारेबाहेरचे, दरवर्षी छाटले जाणारे ऐन मात्र पैलवानासारखे उभे. मी म्हणालो, "नशीब त्यांचं."

"नशीब कशाला? वर बघा. शेंडा कोनी तोडत नाय. अन् यंदा फांद्या घेतल्या त्या झाडाला पुढली दोन वरसां हात नाय."

मी वर पाहिलं. प्रत्येक झाडावर हिरवा शेंडा शाबूत. झाडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजायचा, हा आमचा नियम. तो मी इतक्या निष्ठेने पाळला की उभ्या हयातीत मान वर केली नव्हती.

"वाक्य खोडतो," मी म्हणालो.

जानीबायने कोयता पुढे केला. "आधी चढा. एक फांदी घ्या. न बघता सही एकदा केलीत ना?"

चढलो. किती उंच? तिथून मला तारापूरचा समुद्र दिसला, निदान मी अजून तसंच सांगतो. फांदी पडली, तिच्याबरोबर मीही अर्धा आलो. लाल मुंग्यांनी विजारीत ग्रामसभा भरवली. खाली अख्खा पाडा हसून लोळत होता.

"सायेब, शेंडा नका धरू, मोडंल!"

उतरल्यावर वाक्य खोडलं, सही केली. समितीतल्या एका पोराने त्या पानाचा फोटो लगेच जिल्ह्याला धाडला. मग तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी. सात भाकऱ्या खाल्ल्या. घरी तीन सांगितल्या.

परतीच्या गाडीत बसायची सोय नव्हती, मुंग्यांची कृपा. दाराशी उभा होतो, तोच जिल्ह्याच्या कचेरीतून फोन.

"सर, ते वाक्य खोडलंत. कारण काय लिहू?"

"वीस वर्षांपूर्वी माझं चुकलं, असं लिहा."

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज.

"सर, फॉर्ममध्ये तसा रकाना नाही."

"मग आखा," मी म्हणालो. "आणि जरा मोठा आखा. लिहायला मी एकटाच नसेन."