खुर्ची गच्चीवर निघाली

"जरा डावीकडे घ्या ना, ती पिवळी इमारत आमची," असं मकरंद पायलटला म्हणाला, आणि रविवारचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

शहराबाहेरच्या सिरुसेरीतल्या त्याच्या कंपनीने त्याला चांगल्या कामाबद्दल हेलिकॉप्टरच्या दहा मिनिटांच्या सफरीचं कूपन दिलं होतं. पगारवाढ मागितली की कंपन्या अशीच माणसाला आकाशात पाठवतात. पायलट बिचारा भिडस्त. त्याने वेळचेरीच्या त्या चार मजली इमारतीवर इतकं खाली येऊन दोन घिरट्या घातल्या, की वाळत घातलेले कपडे दोरीसकट उडाले. मकरंदने आनंदाने हात हलवला. गच्चीवरून त्याची बायको क्षमा व्हिडिओ काढणार होती. पण गच्चीवर कुणीच नव्हतं.

संध्याकाळी तो घरी पोहोचला तेव्हा क्षमा तळमजल्यावरचे शेजारी गुंडोराव यांच्या घरात भेटली. गुंडोरावांच्या बायकोच्या, अंबुजाकाकूंच्या कपाळावर पट्टी होती आणि उजवा हात झोळीत.

"तुमचं विमान आलं," क्षमा हळू आवाजात म्हणाली, "आणि काकांनी काकूंना खुर्चीसकट उचलून जिना गाठला. दुसऱ्या वळणावर पाय घसरला. मी व्हिडिओसाठी गच्चीवरच निघाले होते, खालून खुर्ची धरली म्हणून थोडक्यात निभावलं."

"लग्नात उचला म्हटलं तर लाजले होते," अंबुजाकाकू म्हणाल्या. "आता पंचाहत्तरीत उचलतात."

गुंडोराव हसले नाहीत. ते खिडकीशी उभे होते, मान किंचित तिरकी करून.

ऐकताना तिरकी होणारी ती मान मकरंदच्या ओळखीची होती. तंजावरच्या मराठी घराण्यातला हा माणूस चाळीस वर्षं बंदरात नोकरीला होता, आणि जहाज दिसायच्या आधी भोंग्यावरून त्याचं नाव सांगायचा. बंदराजवळच्या जॉर्ज टाउनमधले व्यापारी म्हणे त्याला विचारून हमाल बोलवायचे. त्याच्या मराठीत 'सगळे' नव्हते, 'अस्के' होते. पुण्याहून आलेल्या मकरंदला पहिले सहा महिने वाटत होतं की अस्के हे कुणा शेजाऱ्याचं आडनाव आहे. इमारतीतली कुठली मोटर बिघडणार हेसुद्धा गुंडोराव दोन दिवस आधी सांगत. असा कान, आणि तोच माणूस आज एका हौशी हेलिकॉप्टरला घाबरून जिना चढायला निघाला होता.

"काका, चूक माझी," मकरंद म्हणाला. "मीच त्याला खाली आणलं. पण तुम्ही इतके का घाबरलात?"

"दोन हजार पंधरा साली तू इथे नव्हतास," गुंडोराव खिडकीबाहेरच बघत म्हणाले. "डिसेंबरात वीज गेली, टीव्ही बंद, फोन बंद. सकाळी हेलिकॉप्टर आलं. मी गच्चीवर गेलो बघायला. अस्के गेले होते. मी पण लहान पोरासारखा बघत उभा राहिलो, किती खाली आलं, किती खाली आलं. ते पूर आला म्हणून आलंय, हे मला कळलंच नाही."

"पुरे," अंबुजाकाकू म्हणाल्या.

"खाली आलो तर जिन्यात कमरेएवढं पाणी. हिला तेव्हाही चालता येत नव्हतं. पलंग तरंगून भिंतीला लागला होता. हिने खिडकीचा गज धरला होता आणि पाणी हनुवटीला."

"हाका मारल्या मी," काकू म्हणाल्या. "त्या आवाजात ऐकू कशा जाणार?"

 तेवढ्यात दुरून घरघर सुरू झाली.

आधी खिडकीची काच वाजली, मग मांडणीवरची भांडी. गुंडोराव दोन ढांगांत खुर्चीपाशी आले, वाकले, दोन्ही हात खुर्चीच्या हातांखाली घातले. त्यांच्या मानेची शीर टरारून फुगली.

"नक्को, नक्को," अंबुजाकाकू म्हणाल्या, पण डाव्या हाताने त्यांनी नवऱ्याचा सदरा घट्ट धरला होता.

मकरंदला ठाऊक होतं की ही सहा वाजताची, दिवसातली शेवटची सफर. वेळापत्रक त्याच्या फोनमध्येच होतं. तरी त्याची नजर दाराच्या फटीकडे गेली. फरशी कोरडी होती. त्याने पुन्हा पाहिलं. आवाज डोक्यावर आला, आणि आपण खुर्चीचा एक पाय कधी धरला हे त्याला कळलंही नाही. दाराबाहेर जिन्याच्या पायऱ्या दिसत होत्या, लांबच लांब वाटणाऱ्या.

आवाज समुद्राकडे गेला. भांडी थांबली. गुंडोराव सरळ झाले नाहीत, तसेच वाकून ऐकत राहिले.

मकरंदने फोन पुढे केला. "काका, हे बघा. सहा वाजताचं होतं. आजपासून शनिवार-रविवार मिळून बारा वेळा येणार, नुसती हौशी माणसं असतात आत. मी तक्रार करीन, अस्के सह्या करू. पण ते बंद होईपर्यंत दर वेळी काकूंना घेऊन जिना चढू नका. एक दिवस दोघंही पडाल."

गुंडोरावांनी फोनकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बारांतलं खरंच पुरासाठी आलेलं कुठलं, ते तू सांग."