एक माप मोठी बांगडी

ये बेटा, इकडे ये, अशी जवळ बस. तू तिकडे नागपुरात अन् मी इथी अहेरीत, हे मले माहीत आहे. पण समोर कोणी बसून असल्याशिवाय माह्यानं दोन ओळी लिहिणं होत नाई, म्हणून तुले मनातच समोर बसवली. आता ऐकून घे. काल फोनवर काय म्हणत होती तू? एका मुलाखतीत त्यायनं नाई म्हटलं, तं आता खालच्या जागेसाठीच अर्ज टाकीन, तिथी तरी कोणी हाकलणार नाई. काऊन वं? इतकी शिकली ते याच्यासाठी का? जवळ असती तं कान धरला असता. कान हाती नाई, म्हणून गोष्ट सांगते.

आपलं घर बांगडीवाल्यायचं. तुह्या जन्माआधीच टोपली जाऊन बांगड्यायचं पक्कं दुकान आलं, त्यामुळं ते दिवस तुले ठाऊक नाई. माही अम्मी, म्हणजे तुही पणजी, डोक्यावर टोपली घेऊन गावोगाव फिरे, मी मागून. आठवडी बाजाराले चिंचेखाली पोतं अंथरून बसू. घरात आमची बोली हिंदी, बाजारात मराठी, जंगलाकडून आलेल्या बाया गोंडी बोलत, अन् अम्मी सगळ्यायशी त्यायच्या त्यायच्या बोलीत भांडे. बांगडी भरतांना तं तिचं तोंड थांबतच नसे. कोणाच्या सासूची नक्कल करे, कोणाच्या नवऱ्याच्या मिशीवर बोले. बाई हसली का तिचा हात ढिला पडे, अन् तेवढ्यात अम्मी तळहात दाबून बांगडी मनगटात सरकवून देई. काचेवर काच बसल्याचा तो बारीक आवाज. आता दुकानात प्लास्टिकच्या अन् धातूच्या बांगड्या, त्यायचा आवाजच येत नाई.

मी हाताशी आली तेव्हा अम्मीनं एका लग्नघरी नवरीचा हात माह्या हाती देल्ला. जवळच्या गावातलं मोठं घर होतं. ते ज्या बांगडीवालीले बोलावत, तिलेच सारं गाव बोलावे. ओसरीवर बाया गोळा झालेल्या. पहिलीच हिरवी बांगडी नवरीच्या अंगठ्यापाशी अडकली अन् फुटली. तसं 'फुटली' म्हणत नाई, 'वाढवली' म्हणते. तं दुसरीबी वाढवली. नवरीच्या हातात काच तडकणं म्हणजे अपशकुन, बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. नवरीची मोठी आई, म्हणजे थोरली काकू होती, तिची जीभ भारी. ती म्हणाली, "पोरगी बांगड्या भरून राह्यली का सरपण फोडून राह्यली?"

सगळ्या हसल्या. नवरीबी हसली. अम्मीनं नवरीचा हात आपल्याकडे घेतला अन् चुडा पुरा केला.

त्या दिवसापासून कोणाचाबी हात समोर आला का मले ते सरपणच ऐकू ये. मग मी माही एक युक्ती काढली. जिचं जे माप, त्याच्याहून एक माप मोठी बांगडी काढाची. सर्रकन जाई. फुटाचं नाव नाई. बाईबी खूश, मीबी खूश. पण मोठी बांगडी हातात टिकते का? भांडे घासतांना कोपराकडे पळे, धानाच्या रोवणीत वाकलं का चिखलात गळून पडे. बाया पुढच्या बाजारी येत, अन् येऊन अम्मीपुढेच हात करत. मी बाजूले रिकामी. मले वाटे, बरंच झालं. बेटा, हे 'बरंच झालं' लय फसवं असते. माणूस रोज थोडा थोडा लहान होते अन् त्याले वाटते आराम पडला.

अम्मीनं एका बाईच्या मनगटात लटकणारी माही बांगडी पाह्यली अन् तिले सारं समजलं. मले वाटलं, आता रागावन. ती रागावली नाई. भर बाजारात, बाया उभ्या असतांना, तिनं आपलाच हात माह्यापुढे धरला. तिचा हात म्हणजे सारा गाठीगाठीचा, राठ. म्हणाली, "माह्या मापाची काढ. मोठी काढशीन तं घालणार नाई."

पहिली वाढवली. तिच्या मनगटाले काच लागून लाल रेघ आली. मी हात सोडाले गेली, पण तिनं तो तिथंच ठेवला. "काच आहे, फुटन. पुढची घे."

मग ती माहीच नक्कल कराले लागली. ही हात कसा धरते पाहा, म्हणे, जसा खेकडाच सापडला. बाया हसल्या, अन् यावेळी मलेबी हसू आलं. बांगडी कधी गेली ते समजलंच नाई. तेव्हा कळलं का भरणारीचा हात भ्याला तं घालणारीचाबी आखडते. भेव हातातून हातात जाते. भरवसाबी तसाच जाते.

पुढे त्याच नवरीचं डोहाळजेवण माहेरी आलं. त्या घरून निरोप आला, बांगड्या घेऊन या, पोरीले आणू नका. अम्मीनं निरोप घेऊन आलेल्या बाईलेच सांगून पाठवलं का भरन तं पोरगीच भरन, नाई तं दुसरी बांगडीवाली पाहा. मी अम्मीच्या पाया पडली, तूच जा म्हणून. ते घर तुटलं का सारं गाव तुटते, हे तिले माह्याहून जास्त माहीत होतं. पण तिनं काई ऐकलं नाई. शेवटी पोटुशी पोरगीच म्हणाली म्हणे, येऊ द्या तिले.

तीच ओसरी, तीच मोठी आई. मले पाहताच म्हणाली, "आणली का सरपणवालीले?"

माह्या तोंडातून निघून गेलं, "हाव मोठी आई, पण कुऱ्हाड घरी ठेवून आली."

म्हातारीनं डोळे बारीक केले अन् मग अशी हसली का पदर तोंडाले लावावा लागला. मी पोरीच्या बरोबर मापाच्या बांगड्या काढल्या. मधात एक वाढवली. मी तुकडे बाजूले ठेवले अन् पुढची घेतली. चुडा भरून झाला तसं त्या पोरीनं वाकून मले नमस्कार केला. बांगडीवाली कोणत्याबी धर्माची असो, तिले नमस्कार कराचा, ही आपल्याकडची रीतच. पण आजवर तो अम्मीले होत होता.

पुस्तकात याले आत्मसन्मान म्हणते. मी कदर म्हणते, आपलीच आपल्याले कदर. ती असली म्हणून कोणी नाई म्हणत नाई, असं थोडीच आहे? माह्या हातून त्याच्यानंतरबी पुष्कळ बांगड्या वाढवल्या. फक्त टोमणा ऐकून घरी पळावं वाटलं नाई, चुकलं ते नीट पाहता आलं, कधी हसताबी आलं. अन् खरं सांगू, ती कदर मले माह्याजवळ अगोदर सापडलीच नाई. अम्मीनं ठेवली होती जपून, मी मागतपर्यंत.

तं अर्ज तुह्या मापाच्या जागेचाच टाक. अन् लवकर ये. नोकरी लागल्यावर येईन, असं म्हणू नको. तेव्हा तं सगळेच तुले पाहाले येतीन, मले आत्ताची तू पाहाची आहे. अहेरीची गाडी धर, स्टँडवर मीच येऊन उभी राहीन.