यादीत नसलेलं नाव

सुरतजवळच्या उधन्याला उतरलो तेव्हा खिशात वर्तमानपत्राचं कात्रण होतं आणि मनात, खोटं कशाला सांगू, चांगली बातमी घेऊन चालल्याची थोडी ऐट होती. नेपाळहून निघालेलं विमान पळवून नेल्याला दोन दिवस झाले होते. माझे मेहुणे मधुकरराव त्याच विमानाने परतायचे होते, पण छापलेल्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. अमळनेरपासून ती यादी इतक्यांदा वाचली, की पाठच झाली.

लिंबायतला रिक्षा थांबताच सुनंदा, माझी धाकटी बहीण, धावत आली.

"भाऊ, यादीमा त्यासनं नाव नही ना?"

"नाही गं. विमान चुकलं असेल. येतील रेल्वेने."

दोन दिवस बंद असलेला स्टोव्ह तिने पेटवला. शेजारणीने पोंक (ज्वारीचा कोवळा हुरडा) आणि शेव दिली. मी दोनदा वाढून घेतलं, याची आजही लाज वाटते.

दाराला मधुकररावांनी विणलेल्या कापडाचा पडदा होता. त्याच्या कोपऱ्यात त्यांचं नाव. खात्यात (लूमच्या कारखान्यात) कारागीर कापडाच्या ताक्याच्या (ताग्याच्या) टोकाला नाव लिहितो, म्हणजे दुसऱ्याची चूक त्याच्या माथी येत नाही.

दुपारी पर्वत पाटियाजवळ त्यांच्या शेठच्या दुकानात गेलो. साड्यांचे नमुने घेऊन शेठनेच त्यांना नेपाळला धाडलं होतं. शेठ पुतण्याला म्हणाले, "पंकज, मास्तरने पाणी आप." (मास्तरांना, म्हणजे मला, पाणी दे.)

मी पेला तसाच खाली ठेवला आणि कात्रण त्याच्यापुढे धरलं. यादीतलं सातवं नाव पंकजचं होतं आणि आडनाव दुकानाच्या पाटीवरचं.

पंकज खाली बघत म्हणाला, "टिकिट मारा नामनी हती. मने ताव आव्यो, एटले मधुभाई गया." (तिकीट माझ्या नावाचं होतं. मला ताप आला म्हणून मधुभाई गेले.)

"मग बोलला का नाहीस?"

"बीक लागी." (भीती वाटली.)

संतापाने माझे कान तापले. त्याला तसाच कलेक्टर कचेरीत नेला, खरं नाव लिहून द्यायला लावलं. "वर कळवतो," एवढंच साहेब म्हणाले.

सुनंदाला सांगणं सर्वांत कठीण गेलं. ती रडली नाही.

"त्यासले काही व्हयनं तं माले कोन सांगी?"

 पुढचे दिवस शेजारच्या टीव्हीसमोर गेले. विमान तिकडे परक्या विमानतळावर उन्हात उभं दिसायचं आणि सुनंदा त्याच्या खिडक्या निरखत बसायची.

प्रवासी सुटले. मधुकरराव सुरत स्टेशनवर उतरले ते वाढलेली दाढी आणि तोच मळका सदरा घेऊन. घरी सुनंदाने सदरा धुवायला घेतला, उलटा केला आणि मोरीतच खाली बसली. आतल्या शिवणीजवळ पेनाने लिहिलं होतं : मधुकर, लिंबायत.

"विमानात सगळे मला पंकज म्हणत होते, भाऊ," मधुकरराव म्हणाले. "गोळी लागली असती, तर पंकज म्हणूनच जळालो असतो."

सुनंदाने तो सदरा धुतलाच नाही.

परतीला उधन्याच्या खिडकीवर अमळनेरचं तिकीट घेतलं. त्यावर कुणाचंच नाव नसतं, हे मला उभ्या जन्मात खटकलं नव्हतं. बाकावर बसलो, पेन काढलं आणि तिकिटामागे माझं नाव लिहिलं.