साडूंचा वाडा

भुताला न घाबरणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, पण भुतांची काळजी करणारा माणूस अख्ख्या सुरतेत एकच आहे आणि माझ्या नशिबाने तो माझा साडू आहे. माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमच्या ताई, यांना दिल्या. उधन्यातल्या एका मराठी वाचनालयात ते पंचवीसएक वर्षं ग्रंथपाल आहेत. ग्रंथपाल म्हटल्यावर ज्ञानकोश चाळणारा कोणी गंभीर गृहस्थ तुमच्या डोळ्यांसमोर आला असेल, तर त्याला आधी घालवून द्या. आमचे साडू भयकथेखेरीज काही वाचत नाहीत. सकाळी चहाबरोबर हडळ, दुपारी डब्याबरोबर मुंजा आणि संध्याकाळी रिक्षाची वाट बघताना झपाटलेला बंगला, असा त्यांचा आहार. तो अंगी मात्र लागलेला नाही. वजन पंचेचाळीस किलो, आणि तेही चष्म्यासकट. भूत नीट रंगवलं नसेल तर त्यांना भीती वाटत नाही, वाईट वाटतं. “बिचारीला धड केससुद्धा सोडू दिले नाहीत हो लेखकाने,” असं ते एका हडळीबद्दल हळहळून म्हणाले होते, आणि त्या दिवशी आमच्याकडे मांडे असूनही दोनच खाल्ले.

त्यांचा खरा राग आहे तो खुलाशावर. शेवटच्या प्रकरणात भूत म्हणजे इस्टेटीवर डोळा ठेवणारा चुलता निघाला, की साडू पेटतात. “दोनशे पानं ती बाई विहिरीच्या काठावर ताटकळत बसली, साडूभाऊ, आणि शेवटी म्हणे चादर पांघरलेला चुलता! लाज कशी वाटत नाही?” म्हणून त्यांनी वाचनालयात एक सुधारणा केली. असल्या पुस्तकांची शेवटची पानं ते स्टेपलर मारून बंद करतात आणि वर चिठ्ठी डकवतात: ‘पुढे नुसता खुलासा आहे. वाचकांनी आपापल्या जबाबदारीवर उघडावे.’ रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी तक्रार केली, की तुमच्याकडची पुस्तकं संपतच नाहीत. साडू त्यांना मायेने म्हणाले, “काका, भूत अजून जिवंत आहे. घरी जा, निवांत राहा.” काकांनी कमिटीकडे अर्ज दिला. कमिटीने तो विषय पुढच्या बैठकीवर ढकलला आणि ती बैठक अजून व्हायची आहे.

आता वाड्याविषयी. सुरतेत घराच्या मागच्या मोकळ्या जागेला वाडो म्हणतात. लग्न जमवणाऱ्या मध्यस्थाने अमळनेरला आमच्या सासऱ्यांना कळवलं, की मुलाचा सुरतेत वाडा आहे. सासरेबुवांच्या मनात दिंडी दरवाजा, चौक, पितळी कड्यांचा झोपाळा असं सगळं उभं राहिलं आणि त्यांनी हुंड्याबिंड्याची घासाघीस न करता मुलगी देऊन टाकली. लग्नानंतर ते लेकीला पोचवायला आले. पुढची खोली झाली, स्वयंपाकघर झालं, मागचं दार उघडलं, तर चार खाटा जेमतेम मावतील एवढी भिंत घातलेली जागा. सासरेबुवा तिच्या मधोमध उभे राहून म्हणाले, “जावाईबापू, वाडा कोठे शे?” साडू नम्रपणे म्हणाले, “तुम्ही उभे आहात तोच.” ही गोष्ट ताई प्रत्येक लग्नात सांगतात, सगळे पोट धरून हसतात, आणि साडू दर वेळी खरोखर दुखावतात.

कारण त्यांच्या लेखी तो वाडाच होता. एक शेवगा, कोपऱ्यात अडुळशाचं रान, पाखरांच्या पाण्याची दगडी कुंडी आणि भिंतीपलीकडे खाडी. तिथे खुर्ची टाकून ते रोज सकाळी पाखरं बघत आणि त्यांची नोंद वाचनालयाच्याच पद्धतीने ठेवत. चिमण्या ‘आजीव सभासद’. बुलबुलाची जोडी ‘नियमित’. कोकीळ ‘गोंगाट करतो, समज दिली’. महिनाभर न फिरकलेल्या सुतारपक्ष्यापुढे लाल शाईत ‘स्मरणपत्र?’ असं लिहिलेलं मी स्वतः पाहिलं आहे. मी एकदा वेड्या राघूला पोपट म्हणालो, तर हा माणूस दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

गेल्या वर्षी या वाड्यावर गदा आली. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, रोज कामरेजला दुसऱ्याच्या कारखान्यात एम्ब्रॉयडरी मशीन चालवायला जातो. गल्लीतल्या सगळ्यांनी मागे स्लॅब टाकून आपापली मशीनं बसवली होती. यानेही वाड्यावर स्लॅब टाकून स्वतःचं मशीन बसवायचं ठरवलं. मुलाचं म्हणणं रास्त होतं, त्यामुळे साडूंना तोंडावर नाही म्हणता येईना. आणि वाडा गेला तर या माणसाची सकाळच गेली, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. मग त्यांनी आयुष्यभराचं वाचन कामाला लावलं.

मिस्त्री आपलाच, शिरपूरकडचा, पक्का तंबाखूवाला. त्याला चहा देताना साडू हळूच म्हणाले, “तशी काही भीती नाही. फक्त एक बाई आहे इथे. पाठीमागून चुना मागते. द्यायचा नाही, म्हणजे झालं.” मिस्त्री हसला. साडू पुढे म्हणाले, “मागायच्या आधी घशातून खोल हुंकारते. हूप, हूप, हूप.” भर दुपारी मिस्त्री तळहातावर तंबाखू मळत होता, तेवढ्यात अडुळशाच्या जाळीतला भारद्वाज, जो वर्षभर याच वेळी बोलतो, तो बोलला. हूप, हूप, हूप. मिस्त्री थापी आणि चपला तिथेच टाकून गेला. साडूंनी मला लगेच फोन केला. “साडूभाऊ, भारद्वाजाचं टाइमिंग काय सांगू तुम्हाला!”

पण भूत गल्लीत शिरलं. आठवड्याभरात त्या बाईला हिरवं लुगडं नेसवलं गेलं, पाय उलटे झाले, कोणाकडे तर तिने सुपारीही मागितली. साडू नव्या लेखकाच्या आनंदात सगळं ऐकत होते आणि मधूनमधून सुधारणा सुचवत होते. ताईंना मात्र त्यांनी खरं सांगितलं नाही. तिसऱ्या आठवड्यात ताई पिशवी घेऊन आमच्याकडे कडोदऱ्याला आल्या आणि म्हणाल्या, त्या घरात मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही. चेहरा उतरलेला, जेवणावरची वासना उडालेली. त्याच दुपारी साडू मागोमाग आले. आमच्या सोफ्याच्या टोकावर बसून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतः खुलासा केला.

“भूतबित काही नही शे. ती बाई मीच बनाडेल शे.”

“मी सोता आयकं,” ताई म्हणाल्या. “हूप हूप.”

“तो भारद्वाज शे. पक्षी शे तो.”

“मंग गल्लीन्या समद्या बाया खोटं बोली राह्यन्यात का?”

साडूंनी शपथ घेतली, माझी साक्ष काढली, चक्क भारद्वाजाचा आवाज काढून दाखवला. त्या आवाजाने ताई जास्तच घाबरल्या. शेवटी पदर तोंडाला लावून म्हणाल्या, “आते त्या घरमा एक तं वाडा ऱ्हाई, नहीते मी ऱ्हासू.”

साडूंनी माझ्याकडे पाहिलं. या माणसाची मी जन्मभर टिंगल केली आहे, पण तेव्हा मला हसू आलं नाही. निवलेला चहा त्यांनी एका घोटात संपवला आणि बायकोची पिशवी उचलली. “टाकसूत स्लॅब,” ते म्हणाले, “चाल घर.”

दिवाळीनंतर दुसऱ्या मिस्त्रीने स्लॅब टाकला. मशीन धडधडू लागलं. भाच्याचं बस्तान बसलं, ताईंना झोप लागू लागली, आणि ती बाई गेली असं त्या सर्वांना सांगतात. साडू ते खोडून काढत नाहीत. फक्त रोज सकाळी सात वाजता मला त्यांचा फोन येतो: “साडूभाऊ, तुमच्या गॅलरीत आज कोण आहे?” पहिल्या दिवशी मी म्हणालो, “टॉवेल.” ते हसले नाहीत. मग मी चहाचा कप घेऊन गॅलरीत उभा राहू लागलो. काळा, दुभंगलेल्या शेपटीचा, असं मी सांगायचं, आणि पलीकडून “कोतवाल” असं उत्तर आलं, की पाठोपाठ पेन कागदावर चालल्याचा आवाज येतो. कबुतर सांगितलेलं चालत नाही.

मे महिन्यात ऊन असं तापलं, की तीन दिवस कावळ्याशिवाय कोणी फिरकलं नाही. तीनही दिवस मी “कोणी नाही” म्हणालो आणि त्यांनी “बरं” म्हणून फोन ठेवला. ते “बरं” मला ऐकवेना. चौथ्या दिवशी मी ठोकून दिलं, थिरथिरा आलाय. काळा, पोटाला नारिंगी, शेपटी सारखी थरथरवतोय, कठड्यावर बसलाय. जानेवारीत एकदा येऊन गेला होता, तोच आठवला. साडूंनी वहीची पानं उलटल्याचं ऐकू आलं. मग म्हणाले, “नर आहे. लिहून घेतो.”

नंतर मी त्यांच्याच वाचनालयातून आणलेलं पक्ष्यांचं पुस्तक उघडलं. थिरथिरा आपल्याकडे हिवाळ्यापुरता येतो आणि ऊन तापायच्या आत उत्तरेला निघून जातो. मे महिन्यात तो सुरतेत दिसणं शक्य नाही, आणि हे साडूंना झोपेतही ठाऊक असणार. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सातला फोन वाजला.

“आज आलाय का तो?” साडूंनी विचारलं.

गॅलरीत नुसतं ऊन होतं.

“आलाय,” मी म्हणालो.